बाबांच्या गाडीच्या मीटरच्या लाईटी

३ नोव्हेंबर

आज टपरीवर सगळ्यांसमोर माझी इज्जत निघाली, आणि काढली कोणी, तर वसंताकाकांनी. तेही मुद्दाम नाही. वसंताकाका म्हणजे बाबांचे जुने जोडीदार. काल बाबांच्या अंगात कणकण होती म्हणून आमचा ट्रक घेऊन जालन्याला तेच गेले होते. चहा फुंकत फुंकत म्हणाले, "दीपा, तुमच्या गाडीच्या मीटरच्या लाईटी बंद हायेत. अंधार पडल्यावर काटाच दिसत न्हाई. तुला म्हाईत न्हाई का?"

मला माहीत नव्हतं. भोकरदनला जाफराबाद रोडवर स्वतःच्या नावाची पाटी लावून मी गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं, आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलं, आणि माझ्याच बापाच्या गाडीत अंधार आहे हे मला गावाने सांगायचं. शेजारच्या बाकड्यावर राधेश्यामशेठ बसले होते. कापसाचे व्यापारी, चार-पाच गाड्यांचे मालक. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दुकान उघडल्यापासून त्यांची एखादी गाडी माझ्याकडे यावी म्हणून मी देव पाण्यात घातले असते, पण आमच्या घरात देव नाहीत. शेठ म्हणाले, नाव दीपमाला आणि बापाच्या मीटरला दिवा नाही. सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार.

संध्याकाळी गाडी दुकानासमोर घ्यायला लावली. बाबा म्हणत होते राहू दे, एवढी वर्षं चालवतोय, स्पीड मला इंजिनाच्या आवाजावरून कळतो. मी ऐकलं नाही. पुढचे दिवे चालू, मागचे लाल दिवे चालू, फक्त मीटर काळं. फ्यूजचा डबा उघडला तर मीटरच्या फ्यूजची जागा रिकामी. जळालेला नाही, मुळात नाहीच. खड्ड्यांत उडून पडला असणार. नवा बसवला आणि सगळे काटे एकदम उजळले. स्पीड, तेल, टेंपरेचर, डिझेल. बाबांनी बघितलं आणि उन्हात धरतात तसा कपाळावर हात आडवा धरला.

"लई झगझगीत झालं," म्हणाले.

बाबा सहसा कौतुक करत नाहीत. मला फार बरं वाटलं.

७ नोव्हेंबर

मीटर पुन्हा काळं.

सध्या गाडी आली की बाबा उतरायच्या आधी मी केबिनमध्ये चढते. आज चढले आणि आधी फ्यूजचा डबा उघडला. फ्यूज जागेवर होता. मग मीटरचा बोर्ड उघडला. मागून जे छोटे बल्ब फिरवून बसवतात त्यांचे होल्डर सगळे सैल. एखादा सैल झाला असता तर समजू शकते, पण सगळे? रस्त्याचाच प्रताप. जालन्याच्या रस्त्यावर माणसाचे दात हलतात, तिथे होल्डरचं काय. पॉलिश पेपर घासून सगळे साफ केले, घट्ट बसवले, वर टेप मारला.

बाबांनी बाबासाहेबांच्या फोटोभोवतीची निळी लायटिंग स्वतःहून काढून ठेवली आहे. एप्रिलमध्ये जयंतीला केवढ्या हौसेने आणली होती. चौकात गाडी उभी करून लोकांना दाखवत होते. मी विचारलं तर म्हणाले, तिच्यानं लोड येत असेल. येत नाही खरं तर, तिची वायर मी वेगळी काढली होती. पण माझ्या कामात त्यांनी पहिल्यांदाच डोकं घातलं, म्हणून काही बोलले नाही.

८ नोव्हेंबर

लाईटी चालू. राधेश्यामशेठना हाताला धरून केबिनमध्ये चढवलं आणि दाखवलं. त्यांनी सगळे काटे नीट बघितले आणि म्हणाले, असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात आपली एक गाडी तुझ्याकडे पाठवतो. हे त्यांनी चार माणसांसमोर सांगितलं आहे, त्यामुळे आता फिरायचे नाहीत.

१२ नोव्हेंबर

पुन्हा गेल्या.

या खेपेला बल्ब बरोबर, फ्यूज बरोबर, होल्डर घट्ट. बोर्डाच्या खाली जिथे मीटरची वायर मोठ्या जोडाला मिळते तिथून ती सुटलेली. मी स्वतः क्लिप दाबून बसवली होती, कट्ट आवाज येईपर्यंत. तो आवाज मला आत्ताही आठवतो. मग ती सुटली कशी?

जेवले नाही. अख्खी वायरिंग सोडून पुन्हा बांधली. मायने दोनदा ताट वाढून झाकून ठेवलं. बाबा बाहेर खाटेवर बसून होते, मध्येच म्हणाले, "ऱ्हाऊ दे ना दीपा, कामून एवढा जीव काढती? मला काही अडत न्हाई." मी फटकन म्हणाले, तुम्हाला अडत नाही, मला अडतं. माझ्या हातचं काम आहे. गाडीचा डावा आरसाही फुटला आहे आणि दारावर लांबलचक ओरखडा. धावड्याच्या वाटेला बाभळीची फांदी लागली म्हणे. मी म्हटलं, आरसा नंतर बघू, आधी ही लाईटीची भानगड मिटू दे.

मला एक वेगळाच संशय यायला लागला आहे. जगन्नाथ. स्टँडजवळ त्याचं वायरिंगचं जुनं दुकान आहे, आणि मी येईपर्यंत भोकरदनमध्ये या कामाला दुसरं फारसं कोणी नव्हतं. दिवसभर गाडी स्टँडवर उभी असते, बाबा चहाला जातात, दार लॉक होत नाही. बाकी तुम्हीच समजा. म्हणजे मीच समजते. दैनंदिनीत 'तुम्ही' कोण आहे कुणास ठाऊक.

१३ नोव्हेंबर

आज एक युक्ती केली. लाल नेलपेंट घेतलं आणि प्रत्येक होल्डर, प्रत्येक जोड यावर एक-एक रेघ ओढली, अर्धी होल्डरवर, अर्धी बोर्डावर. आपोआप सैल झालं तर रंगाला बारीक तडे जातील. कोणी हाताने फिरवलं तर रेघ मधोमध तुटून अर्धी एकीकडे, अर्धी दुसरीकडे दिसेल. बाबांना सांगितलं नाही. ते भोळे आहेत, स्टँडवर बोलून बसतील.

१५ नोव्हेंबर

तुटली. मधोमध, स्वच्छ. एक नाही, सगळ्या.

मी थेट जगन्नाथच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक बसलेलं होतं तरी बोलले. माझ्या बापाच्या गाडीला रोज कोण हात लावतं ते मला कळलंय, म्हणाले, आणि तुमच्यासारख्या वयाच्या माणसाला हे शोभत नाही. आवाज माझा चढलेला होता. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने हातातली पक्कड खाली ठेवली आणि म्हणाला, "तुझा बाप माझ्याकडं येऊन राह्यला तव्हा तू शाळंतबी जात नव्हती. मी त्याच्या गाडीचं वाईट कामून करू?" तशीच परत आले. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं, त्याच्या डोळ्यात कीव होती, आणि मला रागापेक्षा कीवच जास्त झोंबते.

घरी आल्यावर सगळं मायला सांगितलं. ती भाकऱ्या करत होती. नेलपेंटचं ऐकल्यावर तिचा हात थांबला. तवा तापत राहिला.

"त्यांला लाईटीमुळं दिसत न्हाई, दीपा," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं तेच तर! त्यासाठीच तर एवढी मरतेय मी. लाईट नाही, काटा दिसत नाही, तेल संपलं तरी कळणार नाही, इंजिन जाम होईल एक दिवस. तिने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होती, पण भाकरी करपायला लागली म्हणून वळली. मायला गाडीतलं काही समजत नाही. बिचारीला वाटतं मला हे माहीतच नाही.

राधेश्यामशेठची गाडी आज येणार होती. आली नाही.

१६ नोव्हेंबर

ठरवलं. लाईटी पुन्हा जोडल्या आहेत, आणि उद्या मी स्वतः बाबांबरोबर जाणार. धावड्याला कापूस भरायचा आहे, येताना अंधार पडेल. मी केबिनमध्ये बसेन, मीटरवरून नजर हलवणार नाही, आणि लाईट जाते तो क्षण पकडेन. बाबा नाही म्हणाले. माल भरायला बायकामाणसाचं काय काम, धूळ असते, उशीर होतो. मी करंट तपासायचा टेस्ट लॅम्प पिशवीत भरला आणि म्हटलं, मी बाईमाणूस नाही, मी तुमची इलेक्ट्रिशियन आहे. त्यांना हसू आलं नाही.

१८ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहून काढते.

धावड्याहून निघालो तेव्हा सूर्य टेकला होता. गाडीत कापूस दाबून भरलेला. रस्ता दिसत होता तोवर बाबा नेहमीसारखे होते, एका शेताकडे बोट करून तिथला कापूस कसा फुटलाय ते सांगत होते. मग अंधारून आलं आणि त्यांनी दिवे लावले. मीटर उजळलं, सगळे काटे स्वच्छ. मी टेस्ट लॅम्प मांडीवर घेऊन वाकून बसले.

बाबा बोलायचे थांबले. गाडीचा वेग कमी होत गेला. मागून मोटारसायकलवाले हॉर्न देत पुढे जात होते. मी म्हटलं, एवढं हळू का? माल लई हाये, म्हणाले. आरशाजवळ खोचलेला पेपर घेऊन त्यांनी आतून काच पुसली. थोड्या वेळाने पुन्हा पुसली. समोरून जीप आली की ते जवळजवळ थांबायचेच. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता, नोव्हेंबरच्या गारव्यात. हे सगळं मला दिसत होतं. मी त्याचा अर्थ लावत नव्हते, कारण मी मीटरकडे बघत होते.

मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "ते पुढं काय हाये गं?"

मी मान वर न करता म्हणाले, "काही न्हाई."

काही नाही. असं म्हणाले मी. न बघता.

पण प्रश्न कानात राहिला म्हणून असेल, मी एका क्षणाने वर बघितलं. रस्त्यावर अर्धी आत, अर्धी बाहेर कापसाची ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चाकाखाली जॅक. आणि चाकाशी एक माणूस उकिडवा बसलेला, आमच्याकडे पाठ करून, त्याचा पांढरा सदरा आमच्या दिव्यांत लख्ख दिसत होता. मला लख्ख दिसत होता. बाबा सरळ त्याच्यावर चालले होते.

मी "बाबा" म्हणून ओरडले आणि स्टेअरिंगला हात घातला. त्यांनी ब्रेकवर उभं राहून ब्रेक दाबला. गाडी डावीकडे कलली, माल करकरला, डावी चाकं खाली उतरली आणि आम्ही थांबलो. तो माणूस उठून उभा होता, दोन्ही हात आमच्या बंपरवर ठेवून, जणू त्यानेच गाडी थोपवली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने फक्त पाणी आहे का विचारलं. मी खाली उतरून बाटली दिली. तो प्याला, उरलेलं तोंडावर मारलं आणि पुन्हा चाकाशी बसला.

मी वर चढले. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचा डावा हात बोर्डाच्या खाली गेला. न बघता, न चाचपडता बरोबर त्या जोडावर गेला आणि बोटांनी क्लिप दाबून वायर ओढली. मीटर काळं झालं.

"आता दिसतंय थोडं," ते म्हणाले.

मग समोर बघतच बोलले. "ती लाईट लागली की काचंवर सगळं पांढरं पसरतं, दीपा. दुधावानी. मंग पुढचं माणूसबी दिसत न्हाई. अंधार असला की जरा बरं ऱ्हातं."

मायचं वाक्य मला तेव्हा कळलं. ती सरळ बोलली होती, मीच उलटं ऐकलं. लाईट नसल्यामुळे नाही. असल्यामुळे.

तिथेच गाडी उभी करून वसंताकाकांना फोन करायला हवा होता. केला नाही. बाबा म्हणाले, कोणाला कळू देऊ नको, आणि मी त्यांचं ऐकलं. खिडकीतून डोकं बाहेर काढून भोकरदनपर्यंत मी त्यांना सांगत आले. डावीकडं सायकलवाला. पुढं बैलगाडी, थांबा. आता मोकळं हाये. समोरून एसटी, बाजूला घ्या, अजून घ्या. आवाज बसला माझा. ट्रक मला चालवता येत नाही याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आणि एक गोष्ट लिहायची राहिली. लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहिणार तर कुठे. गाडी थांबली, तो माणूस जिवंत आहे हे दिसलं, बाबांनी वायर ओढली, आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे: म्हणजे माझं काम बरोबर होतं. क्षणभर मला आनंद झाला. बाप आंधळा होतोय आणि लेक खूश, कारण तिची क्लिप आपोआप सुटली नव्हती.

१९ नोव्हेंबर

मायला सगळं पावसाळ्यापासून माहीत होतं. डोळे तपासणाऱ्या बाई गावात आल्या होत्या तेव्हा त्यांनी सांगितलेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घ्या, होऊन जाईल बरं. बाबांनी तिला शपथ घातली. मी तिच्यावर खूप ओरडले. ती म्हणाली, "मी तुला सांगितलं न्हाई का?" सांगितलं होतं.

बाबांशी बोलले. आधी नीट, मग रडत, मग भांडून. ऑपरेशन चार दिवसांचं काम आहे, जालन्याला होतं, मी बरोबर येते. ते म्हणतात हंगाम संपू दे. ड्रायव्हरला दिसत नाही असं एकदा स्टँडवर फुटलं की संपलं, मग डोळे नवे करून आणले तरी त्याच्या गाडीत कोणी माल टाकत नाही. आणि मग हळू आवाजात म्हणाले, पट्टी सोडल्यावर काळोखच निघाला तर? आत्ता निदान अर्धं तरी दिसतं. बाबांना भीती वाटते हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. याच माणसाच्या भरवशावर मी सायकल शिकले, विहिरीत पोहायला शिकले.

मग गिऱ्हाईक बोलतं तसे बोलले. "तू एक बटन बसवून दे. मीटरची लाईट पाहिजे तव्हा बंद करता आली म्हंजे झालं. रोज वायर वढायची कटकट न्हाई."

पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर हसत करून दिलं असतं. मी नाही म्हणाले. मंग जगन्नाथकडून घेतो बसवून, म्हणाले आणि उठून गेले. उद्या त्यांना पुन्हा धावड्याला जायचं आहे. राधेश्यामशेठचाच माल आहे.

तो पांढरा सदरा डोळ्यांसमोरून जात नाही.

२० नोव्हेंबर

मी केलं.

बाबा अंघोळीला गेले तेव्हा गाडीखाली शिरले आणि डिझेल पंपाजवळच्या व्हॉल्व्हची वायर काढून मागे खोचून टाकली. त्या व्हॉल्व्हला करंट मिळाला नाही की इंजिनाला डिझेल जात नाही. सेल्फ फिरतो, धक्का मारला तरी गाडी ढम्म. आयटीआयमध्ये आम्हाला बिघाड शोधायला शिकवला होता. करायला कोणी शिकवलं नव्हतं, पण त्याला काही वेगळी अक्कल लागत नाही.

बाबांनी चावी फिरवली. फिरवतच राहिले. मग हाक मारली. मी बॉनेट उघडलं, इकडे हात लाव, तिकडे हात लाव असं केलं. माझं नाटक किती चांगलं झालं ठाऊक नाही.

"सापडलं का?"

"न्हाई सापडलं."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता कुणास ठाऊक. स्टँडवरच्या पोरांनी येऊन धक्का मारला, दुकानापासून पिंपळापर्यंत आणि परत. गाडी सुरू झाली नाही. शेठचा माल वसंताकाका दुसऱ्या गाडीने घेऊन गेले.

२१ नोव्हेंबर

बातमी पसरली. संपतच्या पोरीला बापाची गाडी सुरू होईना. आधी मीटरच्या लाईटीसाठी पंधरा दिवस घातले, आता चांगलं चालणारं इंजिन बंद पाडलं. हे मी पाठीमागून ऐकलं नाही, तोंडावर ऐकलं. एक ट्रॅक्टरवाला काम अर्धं सोडून ट्रॅक्टर घेऊन गेला. म्हणाला, ताई राग नको मानू. शेठचा निरोप आला की त्या गाडीचं राहू द्या.

मी दिवसभर शटर अर्धं ओढून बसले. मला रडू आलं आणि राग आला, आणि दोन-तीनदा उठून गाडीपर्यंत गेले. एक वायर खोचायची, चावी मारायची, सगळ्यांची तोंडं बंद. दरवेळी तो उकिडवा बसलेला माणूस आठवला आणि परत आले. बाबा खाटेवर बसून टपरीवरचं हसणं ऐकत होते. ऐकू त्यांना फार चांगलं येतं.

संध्याकाळी मला म्हणाले, लोक लई बोलून राह्यले. मी म्हटलं, बोलू द्या. ते म्हणाले, दुकान बसंल तुझं. मी म्हटलं, बसू द्या.

२२ नोव्हेंबर

आज शनिवार, बाजाराचा दिवस, त्यामुळे स्टँडपासून आमच्या दुकानापर्यंत माणसंच माणसं. राधेश्यामशेठ स्वतः आले आणि बरोबर जगन्नाथला घेऊन आले. त्यांनी वाईट हेतूने केलं असं म्हणवत नाही. म्हणाले, संपतभाऊ, हंगामाच्या दिवसांत गाडी उभी ठेवून कसं चालेल, पोरीच्या आवाक्यातलं नाही हे, जगन्नाथला बघू द्या. चहावाला, वसंताकाका, धक्का मारणारी पोरं, सगळे गोळा झाले. कोणीतरी मोबाईलही काढला.

जगन्नाथ माझ्याकडे न बघता पुढे झाला. पिशवी खाली ठेवली, बॉनेट उघडलं. आठवड्यापूर्वी मी त्याला गिऱ्हाइकासमोर चोर ठरवलं होतं. तो दोन मिनिटांत त्या वायरीपर्यंत पोचणार हे मला माहीत होतं. वायर तुटलेली नाही, काढून खोचलेली आहे, हे बघताच त्याला कळणार. मग पोरगी स्वतः बिघाड करते आणि गिऱ्हाइकाला फिरवते, एवढंच गावाला दिसणार. पुन्हा कोणी एक बल्बसुद्धा माझ्याकडे बदलायला आणणार नाही. आणि गाडी सुरू होणार, आणि बाबा आजच धावड्याला निघणार. सांगून टाकावं असं घशापर्यंत आलं होतं. पण ते गुपित माझं नव्हतं, आणि मी त्यांना नाही सांगणार म्हणून कबूल झाले होते. मी शटरला धरून उभी राहिले.

शेठ बाजूच्या माणसाला म्हणाले, "पोरींनी हौस म्हणून शिकावं. पण गाडी म्हंजे काय भरतकाम हाये का?" काही जण हसले. जगन्नाथ नाही हसला. तो गाडीखाली वाकला आणि त्याचा हात पंपाकडे गेला.

बाबा खाटेवरून उठले.

"जगन्नाथ," ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बाहीर ये."

जगन्नाथ मान तिरकी करून बघायला लागला. शेठ म्हणाले, अहो बघू तर द्या त्याला.

"गाडीत काही बिघाड न्हाई," बाबा म्हणाले. ते मोठ्याने बोलत होते, बाजाराच्या आवाजावर जाईल इतक्या मोठ्याने. "मीटरच्या लाईटीबी तिनं पहिल्याच दिवशी बराबर केल्त्या. मी रोज काढून टाकत होतो. मला दिसत न्हाई. सोमवारी एक माणूस माझ्या गाडीखाली आला असता. म्हणून गाडी तिनं बंद करून ठेवली. काम तिचं बिलकुल बराबर हाये."

वसंताकाकांनी टोपी काढून हातात घेतली आणि तिच्याकडेच बघत राहिले. शेठ दोन पावलं मागे सरले. जगन्नाथ उठला, बॉनेट हळूच खाली केलं, आणि आवाज न करता दाबून बसवलं.

बाबा दुकानाकडे यायला निघाले. मध्ये नाली आहे, तिच्यावरची फरशी एका बाजूने तुटलेली. रोज ते तिथे थोडे थांबतात, पायाने अंदाज घेतात आणि मग ओलांडतात. मला वाटायचं विडी विझवायला थांबतात. आजही थांबले. सगळे बघत होते. त्यांनी पायाने अंदाज घेतला नाही. हात पुढे केला.

"दीपा, हात दे," म्हणाले.

माझा हात ग्रीसने भरलेला होता. तसाच दिला.